नाटक बघणारी

"हललात! मावशी, परत हललात!"

"मी न्हाई हलले ताई. शाल हलली."

"शाल काय आपोआप हलते का?"

मालन जेवणाच्या टेबलावर ठेवलेल्या स्टुलावर बसली होती, पार छताजवळ. खाली सोफ्यावर अर्चनाचा नवरा अरुण तोंड उघडं टाकून झोपेचं सोंग करत होता. सोंग इतकं बेमालूम होतं की स्वारी खरंच झोपली असावी, अशी सगळ्यांना दाट शंका होती. स्वतः अर्चना खुर्चीवर उभी राहून डोळ्याला पुठ्ठ्याची दुर्बीण लावून सगळ्यांवर खेकसत होती. तेवढ्यात आतून तिची मुलगी क्षितिजा ओरडली, "मावशीऽ, माझा चार्जर कुठेय?"

"ओ! आले!" म्हणून मालन स्टुलावरून उठलीसुद्धा.

"झालं!" अर्चनाने कपाळावर हात मारला. "मावशी, तुम्हाला कुणी हाक मारली की उठायचं नाही. ओ द्यायची नाही. तुम्ही चित्रात आहात. चित्र कधी ओ देतं का?"

"तोंडातून निघतंच ताई. मी काय करू?"

हवल्लीतल्या त्या फ्लॅटमध्ये महिनाभर हाच तमाशा चालला होता. दर शुक्रवारी सोफे भिंतीला लागायचे, गालिचा गुंडाळला जायचा आणि दिवाणखान्याचं थिएटर व्हायचं. कुवेतमधल्या मराठी मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात अर्चना जिवंत देखावा करणार होती. पुण्याच्या पेठांमध्ये वाढलेल्या माणसाला जिवंत देखावा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. इथे मात्र नागपूरचे होते, नांदेडचे होते, आणि इथेच जन्मलेली पोरं तर 'व्हॉट इज देखावा?' असंच विचारणारी. त्यांना समजावलं गेलं की पडदा उघडतो, माणसं चित्रातल्यासारखी बसलेली असतात, मागे ध्वनिमुद्रित निवेदन चालू असतं, आणि पडदा पडेपर्यंत कुणी हू की चू करायचं नाही. "बस्स, एवढंच?" असं एकाने विचारलं. त्याला अर्चनाने तिथेच उभं केलं, तर त्याला लगेच नाक खाजवावंसं वाटलं.

मंडळाला वाटलं होतं की राज्याभिषेक वगैरे काहीतरी असेल. पण अर्चनाने काढलं भलतंच. आता ती शर्कमधल्या एका बँकेत साहेबीण असली, तरी शिकली होती चित्रकला, आणि ती खाज काही जात नव्हती. एकोणिसाव्या शतकात तिकडे युरोपात लोकांची टर उडवणारी चित्रं छापून निघायची. त्यातलं एक तिला कॉलेजपासून आवडायचं. चित्रात थिएटर आहे, पण रंगमंच नाहीच. आहेत ते नुसते बघे. सज्जात बसलेली बाई दुर्बिणीतून समोरच्या बाईचे दागिने बघते आहे. एक छेलबटाऊ त्या बाईला बघतो आहे. दोन बायका त्या छेलबटाऊकडे बघून कुजबुजताहेत. नवरा झोपलाय. एवढा पैसा टाकून आलेल्या त्या भाऊगर्दीत नाटक कुणीच बघत नाही. फक्त अगदी वर, स्वस्तातल्या बाकावर, कुणाच्या तरी घरची मोलकरीण बसलीय, ठिगळाची शाल पांघरून, आणि ती तेवढी आ वासून नाटक बघते आहे.

"म्हंजे मी," मालन म्हणाली होती.

"म्हणजे तुम्ही," अर्चना जराशी ओशाळली होती. "तसं नाही हं मावशी. सगळ्यात अवघड काम आहे ते. म्हणून तुम्हाला दिलं."

मालनला ओशाळायला वेळच नव्हता. ती इतकी हरखली होती की त्या दिवशी तिने चहात दोनदा साखर घातली. क्षितिजाच्या जन्माच्या वेळी बाळंतपणाला म्हणून ती औशाहून इथे आली आणि राहिलीच. नवरा आधीच गेलेला. मुलगी मुक्ता आजीकडे वाढली. इथे अर्चनाचं घर सांभाळता सांभाळता कुणाही मराठी घरात पाळणा हलला की मालनलाच बोलावणं. बाळाला तेल लावणं, न्हाऊ घालणं, बाळंतिणीचा शेक. सालमियापासून फाहाहीलपर्यंत निम्मी मराठी पोरं तिच्या पायांवर पालथी पडून न्हाली होती. सगळ्या घरांच्या मोऱ्या आणि स्वयंपाकघरं तिला पाठ होती. मंडळाच्या मेळाव्यालाही ती दर वर्षी जायची, पण हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरात, पुऱ्या लाटायला. पुढे काय चालतं ते तिने टाळ्यांच्या आवाजावरूनच ओळखायचं.

त्याच संध्याकाळी तिने मुक्ताला फोन लावला. मुक्ता लातूरला नर्सिंगला होती, होस्टेलवर.

"मुक्ते, मी नाटकात हाय!"

"कशात?"

"नाटकात गं! स्टेजवर! मोठाल्या लोकांसंगं. इंग्रजी ड्रेस घालून."

मुक्ता किंचाळली, "आई! खरं?" आणि लगेच, "मला दिसंल का इथून?"

"क्षितू म्हनली फोनवर लाइव्ह दाखवते."

"मंग मी समद्या पोरींना बोलावते. मोठ्या स्क्रीनवर लावतो. त्या सारख्या विचारायल्यात, तुजी आई काय करती कुवेतला. मी सांगतच न्हाई."

हे शेवटचं मुक्ता सहज बोलून गेली, पण मालनच्या ते काळजाला लागलं. पोरीचं तरी काय चुकलं? फोनवर आई दिसायची ती ओल्या हाताने, मागे सिंक. आता एकदाच, पोरीने मैत्रिणींना खुशाल दाखवावी अशी आई दिसणार होती. मालनला दुसरं काही नको होतं. तिथे बसायचं, हलायचं नाही, आणि मुक्ताने बघायचं.

फक्त त्या ठिगळांचं काय करायचं, हे तिला सुचेना. इंग्रजी ड्रेस म्हणून सांगून बसली आणि अंगावर ठिगळाची शाल! कपडे शिवत होता जाफर, मूळचा श्रीवर्धनचा, बाकाल्याच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या, शेजारी त्याचं दुकान. ती त्याच्याकडे गेली.

"जाफरभाई, ठिगळ लावायचंच तर जरा बरं लावा की."

"बरं ठिगळ म्हणजे कसं गो?"

"जरीचं."

जाफर पोट धरून हसला. "चांगल्या कापडाला भोक पाडून ठिगळ लाव, म्हणून अर्चनाबाई सांगून गेल्या. आता तू म्हणतेस ठिगळाला जर लाव. तुमच्या मंडळात शहाणा कोण आहे?" पण लावली त्याने. एका पैठणीचा उरलेला काठ होता, तो खांद्यावर बसवून दिला.

अर्चनाला हे दिसलं ते थेट कार्यक्रमाच्या दिवशी, शाळेच्या हॉलच्या विंगेत. ती काही बोलणार, तेवढ्यात त्याहून मोठा घोळ उभा राहिला.

मंडळाचा चिटणीस आलोक घामाघूम होऊन आला. त्याच्यामागून दोन माणसं एक लांबलचक फलक घेऊन आली. मेळाव्याचा खर्च ज्या कंपनीने उचलला होता तिचा तो फलक होता, हसरं कुटुंब आणि टेलिफोन नंबर. तो म्हणे स्टेजच्या वरच्या बाजूला लावायचा. सगळीकडून दिसला पाहिजे, ही त्यांची अट होती.

"वर? वर माझा बाक आहे!" अर्चना म्हणाली. सुताराकडून खास करून घेतलेला उंच बाक होता तो. फलक लावून बघितला. बाक तर झाकलाच, मालन डोक्यापासून पायापर्यंत हसऱ्या कुटुंबामागे गडप झाली.

"मग एक माणूस कमी करा," आलोक म्हणाला. "बाकी चित्र छानच दिसतंय की! आणि खरं सांगू का, मालनबाई मोकळ्या झाल्या तर बरंच होईल. मागे पुऱ्यांना माणूस कमी आहे. कणीक मळून तयार आहे."

मालन फलकाच्या मागे होती, पण तिला सगळं ऐकू आलं. ती बाकावरून उतरली. खाली येऊन ती सरळ आलोकसमोर उभी राहिली. एवढ्या वर्षांत ती त्याच्याशी 'हो' आणि 'आणते' याच्यापलीकडे काही बोललेली नव्हती.

"आलोकदादा, पुऱ्या मी रात्रभर लाटते. पर मला बसू द्या. माजी पोरगी बघायलीय तिकडून. तिच्या मैत्रिनी बघायल्यात. मी सांगून बसलेय हो!"

आलोक गडबडला. वाईट माणूस नव्हता तो. त्याच्या जुळ्यांना मालननेच न्हाऊ घातलं होतं. पण तीनशे माणसांचं जेवण डोक्यावर घेतलेल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही. "अहो, पण बसणार कुठे? जागा दाखवा मला!"

सगळे अर्चनाकडे बघायला लागले. अर्चना फलकाकडे बघत होती.

"ही नसेल तर ते चित्रच नाही," ती हळूच म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली, "अरे, ही नसेल तर उरतं काय? नुसते आगाऊ लोक बसलेत! आपण दर वर्षी बसतो तसे! त्याला देखावा कशाला करायचा?"

अरुण विंगेत पडून सराव करत होता. त्याने एक डोळा उघडला. "वर जागा नाही, तर खाली बसव की. अगदी पुढे. कडेलाच."

"पुढे? मोलकरीण पुढे आणि सज्जातले मागे?" दुर्बीणवाल्या बाईशेजारी बसणाऱ्या एकीने नाक मुरडलं. तिची नवी कोरी झालर मागे जाणार होती.

"हो, पुढे!" अर्चनाने बाहीच मागे सारली. "चला, स्टूल आणा. मावशी, बसा इथे. लोकांच्या बाजूला तोंड करा. नाटक तिकडे चाललंय, हॉलमध्ये."

"ताई, पर नाटकात चाललंय काय? मी बघू काय?" हा प्रश्न मालन महिनाभर विचारत होती.

"ते चित्रकाराने दाखवलंच नाही. मी काय सांगू? दिसेल ते बघा. फक्त जन्मात कधी बघितलं नसेल असं बघा."

मालन बसली. क्षितिजा पहिल्या रांगेतून फोन धरून होती. "मावशी, शी इज ऑन! मुक्ताताई इज वॉचिंग!" तिने ओरडून सांगितलं आणि मालनने खांद्यावरचा जरीचा काठ पुढे ओढून घेतला. घंटा झाली.

पडदा उघडला.

पहिल्यांदा तिला नुसता उजेड दिसला. डोळे दिपून गेले. मागे निवेदन सुरू झालं, आवाज घुमायला लागला. मग हळूहळू उजेडाच्या पलीकडचा अंधार उलगडला आणि मालनला हॉल दिसला.

बाई गं! केवढी माणसं! रांगाच रांगा, थेट दारापर्यंत. एवढी मराठी माणसं एका जागी तिने इथे कधी बघितली नव्हती. बघणार कुठून? ती नेहमी भिंतीच्या पलीकडे. पैठण्या काय, नथी काय, पोरांचे फेटे काय! ती तिसऱ्या रांगेतली, हिला सहाव्या महिन्यात किती उलट्या व्हायच्या, आता बघा कशी बसलीय ठसक्यात. तिच्या शेजारचा तो मिशीवाला पोरगा! अरे, हा तर पाण्याला घाबरणारा! हंबरडा फोडायचा नुसता, आणि आता मिशी! दोघी जणी एकमेकींच्या बांगड्या बघत होत्या. एक आजोबा मान टाकून झोपले होते. एक जण शेजारच्या बाईकडे चोरून बघत होता आणि त्याची बायको त्याच्याकडे बघत होती. कितीतरी जण फोनवर स्वतःचाच फोटो काढत होते. मालनला हसू फुटणार होतं. तिने ते दातांखाली दाबलं. तोंड मात्र आपोआप उघडं राहिलं. जन्मात कधी बघितलं नव्हतं असं ती बघत होती, त्यासाठी तिला काही करावंच लागलं नाही.

मग कुणीतरी म्हणालं, "अगं, ही आपली मालन ना?"

ते रांगारांगांतून मागे गेलं. "कोण? पुढची?" "हो गं, मालनमावशी!" फोन खाली झाले. बांगड्या बघणाऱ्यांनी मान वर केली. मालनला दिसत होतं, एकेक चेहरा तिच्याकडे वळत होता. तिच्या अंगावर काटा आला, पण ती हलली नाही.

नेमकं त्याच वेळी हॉलच्या मागचं दार धाडकन उघडलं.

"मालनबाई! ओ मालनबाई!" आलोक झारा हातात घेऊन दारात उभा होता. तेलाच्या गडबडीत तो सगळं विसरला होता, पडदाही आणि देखावाही. "तेल तापलंय! या लवकर!"

'ओ' मालनच्या जिभेवर आलीच. येणारच. लहानपणी आईने हाक मारली की ओ, सासूने मारली की ओ, दवाखान्यात नवऱ्याने मारली की ओ, आणि इथे तर दिवसातून किती हाका, मावशी, मालन, मालनबाई, आणि प्रत्येक हाकेला पाय उचललेलाच. आत्ताही तिच्या टाचा जमिनीवरून सुटल्या. गुडघ्यात जोर आला. तिथे लातूरला मोठ्या स्क्रीनसमोर पोरी बसल्या आहेत, मुक्ता बसली आहे. ओ दिली की संपलं. उठलेली, धावलेली आई मुक्ताने आयुष्यभर बघितली होती.

"मालनबाईऽ!"

मालनने ओ दिली नाही.

तिने टाचा टेकवल्या. डोळ्यांत पाणी भरलं आणि ते पुसायला हात नव्हता, म्हणून ते गालावरून सरळ खाली आलं. ती बघत राहिली. सगळा हॉल आलोककडे वळला आणि पुन्हा तिच्याकडे वळला, आणि मग कुणी दुसरीकडे कुठेच बघेना. तीनशे माणसं एकटक तिला बघत होती. आलोकनेही बघितलं. त्याने झारा हळूच पाठीमागे लपवला आणि तोही दारातच उभा राहिला. तेवढ्या शांततेत मागे सज्जात अरुण खरोखर घोरत होता.

पडदा पडला. टाळ्यांनी हॉल दणाणला. आणि पडद्याच्या आत मालन उठून उभी राहिली, घसा साफ केला आणि म्हणाली, "ओ! आले!"

अर्चना हसत सुटली, रडतही होती. मालन तशीच शालीसकट स्वयंपाकघरात पळाली. तेल खरंच तापलं होतं. तिने पहिली पुरी सोडली, ती टम्म फुगली. मागोमाग क्षितिजा फोन घेऊन आली. "मावशी, टॉक टू हर! शी इज क्रायिंग!"

फोनच्या चौकटीत सात-आठ पोरींची डोकी एकमेकींवर चढली होती आणि सगळ्या एकदम बोलत होत्या. मधे मुक्ता.

"आई! अगं, पोरी म्हनायल्या तुजी आई कोनती. मी म्हनलं, समोरची! ती बघायलीय ना, तीच! समोरची!"

"ठिगळ दिसलं का गं?" मालनने घाबरत विचारलं.

"कशाचं ठिगळ? डोळेच बघत हुतो आम्ही." मुक्ताने नाक ओढलं. "क्षितूनं फोन मागं फिरवला तवा समदे लोक तुलाच बघायलते गं आई. एवढी मानसं. दृष्ट काढून घे आज."

मालन हसली. "हितं कोन काढनार माजी? आपली आपल्याला काढता येती का?"

"मी काढते," दारातून अर्चना म्हणाली. तोंडावरची पांढरी पावडर ओघळली होती, केसांत पिसं होती. "सांगा, काय लागतं?"

"ताई, कायतरीच! पुऱ्या..."

"पुऱ्या आलोक तळेल. आलोक, झारा घे." आलोकने मुकाट्याने झारा घेतला. "मावशी, बसा."

मालन पिठाच्या डब्यावर बसली. अर्चनाने मूठभर मीठ घेतलं, मोहरी घेतली, सुक्या मिरच्या शोधल्या. तिला शब्द येत नव्हते. मग लातूरहून मुक्ता सांगायला लागली, पोरी तिच्यामागे म्हणायला लागल्या आणि अर्चना मूठ फिरवत त्यांच्यामागे म्हणत गेली. आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, बघणाऱ्याची, न बघणाऱ्याची. मालनच्या डोक्यावरून मूठ उतरत होती आणि पायांपर्यंत येत होती. एवढ्या पोरांवरून तिने मूठ उतरवली होती, पण तिच्यावरून कुणी उतरवल्याला किती काळ लोटला, हे तिला आठवेना.

अर्चनाने सगळं दुसऱ्या शेगडीच्या ज्योतीत टाकलं. मिरच्या तडतडल्या, काळ्या पडल्या. सगळे वाट बघत राहिले. मिरच्यांचा खाट उठला, कुणी खोकलं, तर दृष्ट नव्हतीच. आणि काहीच उठलं नाही, तर भलतीच मोठी लागली होती.

"ठसका लागला का गं?" मुक्ताने तिकडून विचारलं.

कुणी खोकलं नाही. अर्चनाने नाक वर करून वास घेतला, आलोकनेही घेतला. काही नाही.

"नाही!" अर्चना डोळे मोठे करून म्हणाली. "अजिबात नाही! अगं, केवढी लागली होती!"

पलीकडे पोरींनी एकच गलका केला.

मालनने मान वर केली. शेगडीच्या वर, भिंतीत, धूर ओढणारा मोठा पंखा गरगरा फिरत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग बटणाकडे पाहिलं. बटण हाताच्या अंतरावर होतं. तिने हात मांडीवर ठेवला आणि पंखा चालूच राहू दिला.